खालच्या चक्कीला निरोप

आमची पाणचक्की विकायला काढली त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि या तीन वर्षांत माझ्या नवऱ्याने जितकी गिऱ्हाइकं पळवून लावली, तितक्या ब्रेझ नदीने कधी गायीही पळवल्या नसतील.

जाहिरात चांगली होती. घरं विकणाऱ्या एजन्सीतल्या व्हालेरीने फोटो तर असे काढले होते की मलाच ते घर विकत घ्यावंसं वाटलं. दगडी भिंती, लाकडी चाक, अंगणात जात्याच्या तळीचं टेबल, आणि वर जिथे पूर्वी पिठाची पोती रचत तिथे आमची झोपायची खोली. खाली लिहिलं होतं, 'शांत, ऐतिहासिक वास्तू.' शांत! ज्याने हे लिहिलं त्याने चाकाच्या डोक्यावर एक दुपार तरी काढायला हवी होती. पॅरिसहून आलेल्या एका बाईंनी तर विचारलं, "हे पाणी झोपताना बंद करता येतं ना?" एक उंच डच गृहस्थ आले, ते प्रत्येक तुळईला डोकं आपटत गेले आणि प्रत्येक वेळी तुळईचीच माफी मागत राहिले.

पण ही माणसं आपण होऊन गेली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. ज्यांना घर आवडायचं त्यांनाच लेओन्स, म्हणजे माझा नवरा, हाताला धरून जिन्याखालच्या भिंतीपाशी न्यायचा. त्या भिंतीवर दगडात कोरलेल्या रेघा आहेत, जेवढे मोठे पूर आले तेवढ्या. प्रत्येकाला नाव आहे. हा बाशेल्येच्या गायींचा पूर, हा वरातीचा पूर, हा आमच्या लेकीच्या, क्लेमांसच्या जन्माचा. लेओन्स एकेक रेघ बोटाने दाखवत असा रंगात यायचा की गिऱ्हाइकाचा चेहरा पांढरा पडलेला त्याला दिसायचाच नाही. कॉफीसुद्धा न पिता लोक गाडीत बसायचे.

"तुला विकायचंच नाहीये," मी म्हणायचे. "सरळ सांग ना तसं!"

"विकायचंय की. न सांगता कसं विकू?"

पालथ्या घड्यावर पाणी. आमच्या घरात पाण्याला तोटा नव्हताच.

मला घाई होती ती त्याच्या छातीमुळे. चाळीस वर्षं त्या ओलीत राहून त्याच्या छातीचा भाता झाला होता. मागच्या हिवाळ्यात तो जिना चढताना मध्ये थांबून खिडकीबाहेर बघायचा, जणू काही बाहेर बघण्यासारखं आहे. मला कळत होतं तो श्वासासाठी थांबतोय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मादाम पेरा, यांना कोरडं घर हवं. आणखी एक हिवाळा तिथे काढू नका." खाली साँ-प्रिव्हा गावात औषधाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावरचं एक घर मी बघूनही ठेवलं होतं. भिंती कोरड्या खडखडीत. मालकीणबाई म्हणाल्या, नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या तूसाँच्या सणापर्यंत थांबते, पुढे नाही. चक्की विकली तरच ते घर घेता येणार होतं.

आणि हा पठ्ठ्या थंडी-वाऱ्यात बंधाऱ्यावर. आमच्याकडे पाऊस लागला की लेओन्स जेवता जेवता उठतो. घास ताटात टाकून बूट चढवायचे आणि बंधाऱ्याची दारं उचलायला जायचं, नाहीतर पाणी घरात. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पावसात या माणसाला मी कधी बसून जेवताना पाहिलं नाही.

त्यातही त्याची एक रीत होती. ब्रेझवर पूर्वी तीन चक्क्या होत्या. वरची फुर्न्यूची, मधली आमची, खालची रबेरोलची. वरच्याने दारं उचलायच्या आधी खालच्याला कळवायचं, हा नदीवरचा नियम. वरून अचानक पाणी सोडलं तर खालच्याची गुरं, माणसं, सगळंच जायचं. पूर्वी शिंग फुंकून कळवत, मग टेलिफोन आला. फुर्न्यू अजून आम्हाला फोन करतो. पण रबेरोलची चक्की कधीच मोडली, छप्पर खाली आलं, आत एल्डरची झाडं उगवली. तरी लेओन्स दारं उचलायच्या आधी खिडकीत उभा राहून ते जुनं बैलाचं शिंग फुंकायचाच. फुंकून झालं की खोकायचा.

"कोणाला ऐकवतोस? घुबडांना?"

"खालच्याला."

"खाली कोण आहे?"

"ते मला दिसत नाही ना. म्हणून तर फुंकतो."



त्या ऑगस्टमध्ये व्हालेरी म्हणाली, "मादाम पेरा, एक सुचवू का? त्या भिंतीसमोर एखादं कपाट ठेवा. आणि मस्यू पेरांना जरा..." तिने ओठांवर बोट ठेवलं.

मला ते पटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या सासूबाईंचं अक्रोडाचं उंच कपाट होतं, बश्यांनी भरलेलं. शेजारच्या दोघांना बोलावून ते जिन्याखाली सरकवलं. छान बसलं. लेओन्स दारात उभा राहून बघत होता.

"त्या रेघांना हवा लागणार नाही," तो म्हणाला.

"रेघांना नको, मला तुझ्या छातीला हवा लागायला हवीय! आता शपथ घे. पुढचं गिऱ्हाईक आलं की तोंड उघडायचं नाही. एक अक्षर नाही."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "बरं," म्हणाला. आणि त्या दिवसापासून तो माझ्याशीही फारसा बोलेना. पण मी मन घट्ट केलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला व्हालेरीबरोबर देल्फीन सूल्ये नावाची बाई आली. पंचेचाळिशीची असेल, शाळेत शिकवणारी, आमच्या भागात बदली झालेली. गाडीतून उतरली तीच रबरी बूट घालून. घराकडे न बघता आधी बंधाऱ्यावर गेली, दारांच्या लाकडाला नख लावून पाहिलं, पाटातलं शेवाळ काठीने ढवळलं. मग चाकापाशी उभी राहून विचारलं, "रोज फिरवता ना? एका जागी राहिलं तर खालची बाजू पाणी पिऊन जड होते."

मी लेओन्सकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर उत्तर येऊन थांबलं होतं. त्याने नुसती मान हलवली. मीच म्हणाले, "रोज. मुलासारखं जपतात."

माझी आशा पालवली. घरात आल्यावर मी क्लाफुती, म्हणजे चेरीचा केक, कापायला घेतला. देल्फीन प्रत्येक तुळईखालून वाकून गेली, एकदाही डोकं आपटलं नाही. खाली आल्यावर विचारलं, "पाणी कुठवर येतं आत?"

"पायरीपर्यंत," मी म्हणाले. "कधीतरी. क्वचित."

"खुणा कुठे आहेत?"

"कसल्या खुणा?"

"पुराच्या. माझ्या आजोबांची आर्देश नदीवर चक्की होती. जिन्याखाली रेघा होत्या. नदीवरच्या प्रत्येक चक्कीत असतात, मादाम."

तिने जिन्याखाली पाहिलं. मग जमिनीवर पाहिलं. कपाट ओढल्याचे ताजे पांढरे ओरखडे फरशीवर होते. ते पुसायचं काही मला सुचलं नव्हतं.

"या घरात नसतील," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"घर फार सुंदर आहे," देल्फीन म्हणाली आणि खुर्चीवरची पिशवी खांद्याला लावली. आमच्याकडे कुणी जाता जाता घर सुंदर म्हणालं की समजावं, गेलं. व्हालेरीने डोळे मिटून घेतले. मी हातात सुरी धरून तशीच उभी. लेओन्स टेबलापाशी बसला होता. मनात म्हटलं, झालं तुझ्या मनासारखं, आता मर या ओलीत. इतका राग आला मला त्याचा, आणि त्याहून जास्त माझा.

लेओन्स उठला. टोपी टेबलावर ठेवली, जाऊन कपाटाला खांदा लावला आणि रेटलं.

आतल्या बश्या खडखडल्या. "अरे, छाती!" मी ओरडले, पण तो थांबला नाही. देल्फीनने पिशवी टाकली आणि दुसऱ्या बाजूने हात लावला. कपाट वीतभर सरकलं, मग आणखी थोडं, आणि भिंत दिसायला लागली. लेओन्स वाकून खोकला, बराच वेळ खोकला, मग भिंतीला हात टेकून म्हणाला, "या. या बघा."

आणि त्याने सांगितलं. सगळं. बाशेल्येच्या गायी, वरात, क्लेमांसचा जन्म, त्या वेळी सुईण होडीतून कशी आली ते. माझी शपथ ब्रेझमध्ये वाहून गेली. देल्फीन उकिडवी बसून रेघांवरून बोट फिरवत होती.

"आणि ही सगळ्यात वरची?"

"ती आमच्या आधीची. बंधारा फुटला होता तेव्हा. कमरेपर्यंत. आमच्या काळात गुडघ्याच्या वर कधी आलं नाही."

देल्फीनने त्या रेघेकडे पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं, आणि फरशीवर बसूनच हसायला लागली. "एवढंच? मादाम, इतकं उंच कपाट! मला वाटलं पाणी त्याच्या डोक्यावरून जात असेल, म्हणून एवढं मोठं ठेवलंय!"

व्हालेरी हसली. मग मीही हसले, कारण रडण्यापेक्षा ते बरं दिसतं. तीन वर्षं माणसं कमरेएवढ्या पाण्याला भिऊन पळत होती, आणि मी ते झाकायला माझ्यापेक्षा उंच कपाट आणून ठेवलं. शहाणी मी!

"पाण्याला मी भीत नाही," देल्फीन उठत म्हणाली. "न सांगणाऱ्याला भिते."

"सांगायला तर हवंच," लेओन्स म्हणाला. "आपल्यानंतर येतो तो माणूस म्हणजे खालचाच की. त्याला आधी कळवायचं असतं."

हे त्याने मला तीन वर्षांत कधी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, कोण जाणे. मला त्याचा पटकन हात धरावासा वाटला, पण माझ्या हातात चेरीच्या रसाने माखलेली सुरी होती. मी क्लाफुतीचा सर्वांत मोठा तुकडा त्याच्यापुढे ठेवला.

देल्फीनने चक्की घेतली. सह्या होईपर्यंत ती दर शनिवारी यायची आणि लेओन्स तिला बंधाऱ्यावर उभं करून दारं उचलायला शिकवायचा. डावं आधी, मग मधलं, उजवं अगदी शेवटी. नोटरीकडे चाव्या दिल्या तेव्हा त्याने कोटातून शिंगही काढून टेबलावर ठेवलं. नोटरी चष्म्यावरून बघत राहिले. देल्फीनने विचारलं नाही, उचलून पिशवीत टाकलं.

तूसाँच्या आधी आम्ही साँ-प्रिव्हाला राहायला आलो. सासूबाईंचं कपाट चक्कीतच राहिलं, ते दुसऱ्या मजल्यावर कुठून चढवणार? इथे भिंती कोरड्या, चादरी कोरड्या, मीठसुद्धा सुटं राहतं. हे मीठ पाहून मला जे सुख झालं ते कुणाला सांगून खरं वाटायचं नाही. लेओन्स जिना चढताना मध्ये थांबत नाही असं नाही, पण आता थांबला की माझ्याशी बोलतो.

नोव्हेंबरच्या मध्यावर मोठा पाऊस लागला. दुपारची वेळ होती. मी बटाटे आणि मलई भरलेली पाई भट्टीतून काढून वाढली. लेओन्सने पहिला घास घेतला आणि उठला. खिडकीपाशी गेला. दाराकडे गेला, जिथे बूट नव्हते. पुन्हा खिडकीपाशी.

"बस रे," मी म्हणाले. "तुझी दारं नाहीत आता ती."

"माहितीये मला."

पण तो उभाच. आपण याला ओलीतून काढलं की त्याच्या जिवातून काढलं, असं मला वाटून गेलं. तेवढ्यात फोन वाजला. लेओन्सने झेप घातली.

"देल्फीन? ऐक, डावं आधी..." मग तो थांबला. बराच वेळ ऐकत राहिला. "हो," म्हणाला. "हो. बरं केलंस." आणि फोन ठेवला.

"काय झालं? पाणी आत आलं?"

"नाही. दारं उचलतेय म्हणाली."

"मग तुला काय विचारत होती?"

"विचारत नव्हती." त्याने खिडकीतून खाली पुलाकडे पाहिलं, तिथून ब्रेझ गढूळ होऊन गावातून जात होती. "कळवत होती. शिंग फुंकलं म्हणाली, पण वाटलं तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून फोन केला. आपण खालचे ना आता."

माझा जीव भांड्यात पडला. मी त्याच्या ताटाकडे बोट दाखवलं. तो आला, खुर्ची ओढून बसला, पाईचा दुसरा तुकडा आपल्याकडे घेतला, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना शेवटच्या घासापर्यंत बसून जेवला.