हात लावायचा नाही

उजनीच्या पाण्यावर लियाकतच्या हाताची ख्याती होती. भिगवणच्या या मासेमाराने बुडणारी माणसं केसांना धरून, शर्टाला धरून, जमेल तशी बाहेर ओढली होती. आणि आज त्यालाच विनयाताई बजावत होत्या, "लियाकतभाई, काहीही झालं तरी पोरीला हात लावायचा नाही. लावलात की तिचं पोहणं बाद."

पोरगी म्हणजे त्याची फरहीन. बारामतीत विनयाताईंकडे पोहण्यात तयार झाली, मालवणच्या समुद्रात पदक मारून आली, आणि आता परदेशातली खाडी पोहून जायचं तिने डोक्यात घेतलं होतं. त्यासाठीची निवड चाचणी आज होती. पहाटे इंदापूरकडच्या काठावरून निघायचं आणि होडीला न शिवता भिगवण गाठायचं. चुकलं तर यंदाची संधी गेली.

दुपारपर्यंत सगळं झकास चाललं. बांबूच्या टोकाला पेला बांधून लियाकत होडीतून तिला गूळपाणी द्यायचा, आणि इंजिनावर बसलेला त्याचा भाऊ अरफात खिदळायचा, "भाई, आता लेकीलाच गळ टाकतोस व्हय?"

मग वारं सुटलं. होडीच नाचायला लागली, तिथं पोरीची काय कथा! फरहीनला भडाभडा ओकारी झाली. हात थांबले. डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. होडीच्या कडेवर पालथा पडून लियाकतने हात लांबवला.

"लियाकतभाई!" विनयाताई ओरडल्या.

"खड्ड्यात गेली तुमची खाडी! माजी पोरगी हाय ती!"

बोटं तिच्या खांद्यापासून वीतभर राहिली असतील. फरहीनने तोंडातलं पाणी थुंकलं.

"अब्बा, हात मागं घ्या. बुडत न्हाय मी. दमलीया."

आणि ती त्या हातापासून लांब सरकली, सरळ लाटेत. एक हात टाकला, मग दुसरा.

लियाकत बघतच राहिला. या हाताला आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं. एवढं अफाट पाणी आणि त्यात एवढीशी पोर, पण मागे हटत होतं ते पाणीच. तिच्यापुढे आपण फार लहान आहोत, असं त्याला वाटलं. तो गुपचूप आपल्या दोन्ही हातांवर बसला.

दिवस कलला तेव्हा भिगवण आलं. नियम असा, की पाण्याबाहेरही आपल्याच पायांनी यायचं. चिखलात फरहीन दोनदा पडली. जमलेली माणसं धावली, तर लियाकत होडीतून उडी मारून आडवा आला. "मागं व्हा समदी! कुणी हात लावायचा न्हाय!"

ती उठली. धडपडत कोरड्या जमिनीवर आली. "झालं!" विनयाताई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

लियाकत मात्र जागचा हलेना.

"अब्बा, आता तरी द्या की हात."

दर्ग्यात जाताना बांधायचा, तसा त्याने आधी डोक्याला रुमाल बांधला. मग हात पुढे केला.