हळू सोडलेला श्वास

मित्रांनो, ही १९७८ सालची गोष्ट. मी एक जुनी, श्वास मोजणारी पेटी आहे. परदेशात घडले, मुंबईला उतरले आणि भुशात गुंडाळलेली वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात आले.

फुफ्फुसांच्या तळाशी फार बारीक नळ्या असतात. श्वास सोडत गेलं की त्या मिटतात. धडधाकट छातीत अगदी शेवटी, धुळीने पोखरलेल्या छातीत फार आधी. माणसाने छातीभर ऑक्सिजन घ्यायचा आणि हळूहळू सोडायचा. बाहेर येणाऱ्या हवेत नायट्रोजन किती, त्याची रेघ माझी लेखणी काढायची. सरळ रेघ जिथे वर उचलली, तिथे नळ्या मिटू लागल्या. डॉक्टर महादेवराव पाहुण्यांना ती रेघ मोठ्या कौतुकाने दाखवत.

त्या हिवाळ्यात जिजाबाई आली. कापसाच्या जिनिंग कारखान्यात, जिनात, ती सरकी काढणाऱ्या यंत्रांत कापूस घालायची. तिला दम लागायचा, पण एक्स-रे स्वच्छ होता. मुकादम चिंधू म्हणे, ही सोंग करते. धुळीतून हलवायचं तर डॉक्टरचा कागद आण, नाहीतर घरी बस.

जिजाबाईने तीनदा फुंकलं, तीनदा रेघ वेडीवाकडी. आमच्याकडच्या बायांचं नेहमी असंच व्हायचं. नळी तोंडाला लागली की ती त्यांना चुलीची फुंकणीच वाटायची. 'रुग्ण नीट करत नाही' असा शेरा लिहायला डॉक्टरांनी पेन उघडलं.

तेव्हा मला चालवणारी कमला पुढे झाली.

"मावशी, चूल पेटवून नाई राह्यली तू. गरम वरनावर फुंकते तशी सोड."

"गरम वरन मले कोन देते वो बाई? मी घरी जायीलोक थंडच होते."

कमला हसली. मग म्हणाली, "बरं, लेकराच्या डोळ्यात कचरा गेला त कशी फुंकते?"

जिजाबाईने डोळे मिटले. इतका मऊ श्वास माझ्या नळीतून कधी गेला नव्हता. लेखणी सरळ चालली आणि छातीत बरीच हवा बाकी असतानाच वर उचलली. डॉक्टरांनी पेनाने तिथे खूण केली.

"सोंग नाही हे," ते म्हणाले आणि त्यांनी कागद लिहून दिला.

जिजाबाई जिनाच्या अंगणात, सावलीत पोती शिवू लागली. ८६ साली पुन्हा आली तेव्हा तिची रेघ होती तिथेच उचलली, आणखी आधी नाही. जाताना तिने माझ्या झाकणावर हात फिरवला. महादेवराव निवृत्त होऊन मुलाकडे गेले. कमला दवाखान्याची मुख्य तंत्रज्ञ झाली, सिंदी मेघेला तिने घर बांधलं. त्याच धुळीत वावरणाऱ्या चिंधूच्या छातीचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. तो तपासणीला कधी आलाच नाही.

माझे कागद मिळेनासे झाले, रबराला चिरा पडल्या, आणि मी कोठीत आले. माझं काही म्हणणं नाही, मित्रांनो. मात्र तुमच्या घरी कोणी दम लागतो म्हटलं, तर त्याला खोटं ठरवू नका. जवळ बसा, आणि त्याला त्याच्या चालीने श्वास सोडू द्या.