दोन स्पीकर आणि खोलीतली अडचण

मी डावा स्पीकर बोलतोय. उजवा माझा जुळा भाऊ. आवाज दोघांचा सारखाच, पण भांडायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे, म्हणून ही हकिगत मीच सांगतो.

आमच्या प्रकाराला ‘बुकशेल्फ स्पीकर’ म्हणतात. म्हणजे पुस्तकांच्या फळीवर बसणारे. आणि आमच्याबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात पहिलीच सूचना अशी, की यांना पुस्तकांच्या फळीवर ठेवू नका, स्टँडवर ठेवा! नाव एक, वागणूक दुसरी. माणसांचा हा कारभार मी जन्मापासून पाहतोय.

जन्म कारखान्यातला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या जाड फळ्यांची पेटी, तिच्यावर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा. पुढच्या अंगाला कागदाचा मोठा शंकू, तो वूफर, खालचे सूर सांभाळणारा. त्याच्या डोक्यावर रेशमी कापडाचा इवलासा घुमट, तो ट्वीटर, वरचे सूर सांभाळणारा. तिथे एक बाई प्रत्येक पेटीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची. पेटी ‘ठण्ण’ वाजली की बाजूला, ‘ठप्’ वाजली की पुढे. आम्ही दोघंही ठप् वाजलो. मग आमचे सूर एकमेकांशी ताडून पाहिले आणि आम्हाला जोडीनं एका खोक्यात घातलं. लग्नं जुळवताना तरी माणसं इतकं बघतात की नाही, शंका आहे.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग विकणाऱ्यांचा हात लागला. खोक्यावर छापून आलं, ‘आवाजाचा आत्मा’. मला त्या दोन शब्दांची अजून चीड आहे. आत्मा असलाच तर गाणाऱ्याचा असेल. आम्ही पेट्या आहोत. चांगल्या पेट्या आहोत एवढं छापलं असतं, तर कुणाचं काय बिघडणार होतं?

दुकानात जाण्याआधी आम्हाला एका परीक्षकाच्या घरी पाठवण्यात आलं. हा गृहस्थ एका मासिकात नव्या स्पीकरांवर ‘पहिली भेट’ नावाचं सदर लिहायचा. कंपनीनं महिनाभरासाठी जोडी पाठवायची, यानं ऐकायची, मत लिहायचं आणि जोडी परत पाठवायची. मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखाच प्रकार, फक्त पोहे नाहीत.

त्याची ऐकण्याची तऱ्हा सांगतो. एखादं गाणं लावायचं, तालाची पहिली थाप ऐकायची, बंद. दुसरं लावायचं. गाणारी श्वास घ्यायची, की हा पुटपुटायचा, “श्वास स्पष्ट,” आणि बंद! अहो, तिनं श्वास गाण्यासाठी घेतला होता! पुढे ती काय गायली, याचा त्याला पत्ताच नाही. पंगतीत बसून प्रत्येक वाटीत नुसतं बोट बुडवून उठावं, तसं हे ऐकणं. आणि याच मतावर शेकडो लोक स्पीकर विकत घेतात.

घरी तो आणि त्याची बायको. बायको दातांची डॉक्टर. दिवसभर आ वासलेल्या माणसांशी बोलत असल्यामुळे तिला उत्तराची वाट बघायची सवय राहिलेली नव्हती. दोघं नुकतीच या घरात राहायला आली होती. आम्हाला मिळालेली खोली पार रिकामी. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, मोठी काचेची खिडकी, एक अॅम्प्लिफायर आणि बरोबर मधोमध एक खुर्ची. फक्त एक.

पहिल्याच दिवशी परीक्षकानं नाक मुरडलं. “कर्कश आहेत,” तो बायकोला म्हणाला. “वरचे सूर टोचतात.”

“कान साफ कर,” ती म्हणाली आणि दवाखान्यात गेली.

मी कर्कश? माझ्या भावाकडे बघून मला रडू यायचं बाकी राहिलं. आम्ही सोडलेला प्रत्येक सूर फरशीवर आपटत होता, काचेवर आपटत होता, समोरच्या भिंतीवरून परत येऊन आमच्याच अंगावर पडत होता. खोलीत गालिचा घाला, पडदे लावा, हे त्यानं स्वतः वाचकांना कित्येकदा बजावलं होतं. त्याच्या घरचा गालिचा मात्र अजून यायचा होता. दुसऱ्यांना दिलेला सल्ला आपल्यालाही लागू होतो, हे तज्ज्ञांना सहसा सुचत नाही.

त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. डॉक्टरीणबाईंची आई. उभा जन्म त्यांनी शिवणकाम केलं होतं. एकट्याच राहायच्या. लेकीनं फारच धोसरा काढला तेव्हा म्हणाल्या, “महिनाभर राहून बघते. पटलं तर राहीन. माझी खोली मी सोडलेली नाही.”

म्हणजे त्याही महिनाभराच्या बोलीवर आलेल्या. मला त्या तेव्हाच आपल्यातल्या वाटल्या.

घरात मोकळी खोली एकच, आमची. सासूबाईंबरोबर टेम्पोभर सामान आलं. दोन जाड गाद्या, उशा, पायमशीन आणि कापडांची गाठोडीच गाठोडी. दुपारपर्यंत त्यांनी एका भिंतीला गाद्या टेकवल्या, दुसऱ्या भिंतीशी गाठोडी रचली, खिडकीला जाड पडदा शिवून टाकला आणि उरलेल्या जागेत सतरंजी पसरली. परीक्षकाची खुर्ची गाठोड्यांत बेटासारखी उरली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

“जावईबापू, तुमचं चालू द्या,” सासूबाई दोरा ओवत म्हणाल्या. “मला गाण्याचा त्रास होत नाही.”

त्यानं गाणं लावलं आणि दचकला. मीही दचकलो. गाणारी खोलीत येऊन उभी राहिल्यासारखं वाटलं. टोचणं गेलं होतं, खालचे सूर आपापल्या जागी बसले होते. कापडांनी आणि गाद्यांनी सगळा प्रतिध्वनी पिऊन टाकला होता.

परीक्षक आनंदानं ओरडला, “रुळले! स्पीकर रुळले!”

या मंडळींची एक श्रद्धा आहे. नवे स्पीकर थोडे दिवस वाजवले की त्यांचे शंकू सैलावतात आणि आवाज खुलतो, असं ती मानतात. असेलही थोडं. पण आम्ही आदल्या दिवशी होतो तसेच होतो. भोवती गाद्यांचा डोंगर उभा राहिला, तो यानं चालताना चुकवला, पण विचारात घेतला नाही. ‘आता हे स्पीकर उमलले आहेत’ असं लिहून त्यानं संपादकाकडे धाडूनही दिलं. स्पीकर उमलतात म्हणे! आम्ही काय कळ्या आहोत?

पण खरं सांगतो, ते दिवस सुखाचे होते. सासूबाईंनी आजवर गाणं कधी खुर्चीत बसून ऐकलंच नव्हतं. त्या कापत, शिवत, काजं करत ऐकायच्या आणि गाणाऱ्यांशी बोलायच्या.

“एवढं रडू नकोस गं, येईल तो.”

“आई, श्श!” परीक्षक म्हणायचा.

“श्श काय? ती गातेय, मी शिवतेय. आम्हा दोघींचं जमलंय, मधे तुम्हीच आहात.”

आणि त्यानं सवयीनं गाणं मधेच तोडलं, की मशीन थांबायचं. “बंद का केलंत? बोलता बोलता कुणाच्या तोंडावर हात ठेवतं का माणूस? तिचं संपू दे.”

त्याला लाज वाटायची आणि गाणं चालू राहायचं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही गाणी शेवटपर्यंत म्हटली. शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी थांबलं, की स्पीकरला काय वाटतं, ते मला सांगता येत नाही. भावालाही येत नाही.

मग तो फोन आला. संपादकाचा. आणखी एक मोठी जोडी पाठवू का, असं तो विचारत असावा. परीक्षक खुर्चीत बसूनच बोलला, “सध्या नको रे. खोलीत अडचण झालीय. महिनाअखेर मोकळी होईल.”

मशीनचं चाक थांबलं. याला ते ऐकूही आलं नाही. हा कानांचा तज्ज्ञ!

माणसाला अडचण म्हणणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. वाईट हेतूनं बोलला असता, तर निदान भांडता तरी आलं असतं. हा सहज बोलला, खुर्ची सरकवावी तसा. दुसऱ्या दिवशी सासूबाई लेकीला म्हणाल्या, “तिकडे गिऱ्हाइकं खोळंबलीत गं, जाते.” लेक चिडली, मग रडली, मग पुन्हा चिडली. त्यांनी ऐकलं नाही. गाद्या गेल्या, गाठोडी गेली, पडदाही उतरला. मशीन तेवढं जड म्हणून मागे राहिलं.

आणि आम्ही पुन्हा कर्कश झालो.

परीक्षकानं तारा बदलल्या, आमची जागा बदलली, आम्हाला आतून-बाहेरून तपासलं. शेवटी बायकोला गाठून म्हणाला, “स्पीकर बिघडलेत. किती छान रुळले होते!”

डॉक्टरीणबाई दारात थबकल्या. “आई तडकाफडकी निघून गेली, त्याचं तुला काही नाही. पण स्पीकर बिघडले, त्याचं सुतक! वा! शाबास!” आणि त्यांनी उपहासानं टाळ्या वाजवल्या.

टाळी भिंतीवर आपटली, काचेवर आपटली आणि टणटणत खोलीभर फिरली.

परीक्षकानं कान टवकारले. मग त्यानं स्वतः एक टाळी वाजवली. कोपऱ्यात जाऊन आणखी एक.

“हे काय आता?” बायको म्हणाली. “डोक्यावर परिणाम झाला?”

“स्पीकर नव्हते सुधारले,” तो हळू म्हणाला. “खोली सुधारली होती. आईंच्या सामानानं. मी जाऊन घेऊन येतो त्यांना.”

“कुणाला? आईला की गाद्यांना?”

यावर त्यानं मान खाली घातली. निदान खोटं तरी बोलला नाही, हे मी त्याच्या खात्यावर जमा धरलं. पण गेलाही नाही. लाजेनं घरातच बसला.

त्यामुळे सासूबाईच आल्या. दुपारची वेळ, लेक दवाखान्यात. खाली टेम्पो उभा करून त्या जिना चढून आल्या. “मशीन न्यायला आलेय. चहाला नाही.”

“आई, बसा तरी.”

“कुठे बसू? खुर्ची एकच आहे, तीही तुमची. आणि आता अडचण गेलीय ना? वाजवा की मोकळेपणानं.”

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तोंडावरचा रंगच उडाला. “तुम्ही ऐकलंत ते?”

“मशीन चालू असलं तरी कान चालू असतात, जावईबापू.”

“आई, तुमच्या कापडांनीच खोली चांगली वाजत होती. मला आत्ता कळलं.”

माझा जीव वरखाली झाला. अरे शहाण्या, असं सांगतात का?

“म्हणजे माझ्या गाठोड्यांची किंमत कळली,” सासूबाई म्हणाल्या. “छान झालं. माझ्या खोलीत ती तशीच चांगली वाजतील. उचला ती बाजू.” त्यांनी मशीनला हात घातला.

परीक्षकानं दुसरी बाजू उचलली नाही. त्यानं खिशातून फोन काढला आणि त्यांच्या देखत संपादकाला लावला. “तो परिच्छेद काढून टाक. स्पीकर रुळले वगैरे सगळं चूक आहे. माझी चूक. आणि परवा मी अडचण म्हणालो ना, तीही चूकच. माझ्या सासूबाई राहायला आल्या होत्या. होत्या म्हणजे, त्यांनी राहावं अशी माझी इच्छा आहे. त्या गेल्यापासून मी एक गाणं धड पुरं ऐकलेलं नाही. नाही, स्पीकरचा काही दोष नाही. पुरं ऐक म्हणून दटावणारं कुणी उरलं नाही.”

फोन ठेवला. खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

“काय म्हणाला तो?” सासूबाईंनी विचारलं.

“म्हणाला, लेखात सासूबाईंचा फोटो टाकू या.”

“फोटो कशाला? मी काय विकायला आहे?” पण हे म्हणताना त्यांचा मशीनवरचा हात सैल झाला होता. मी नीट बघत होतो. “मी गाणं चालू असताना बोलणार.”

“बोला.”

“खूप बोलणार.”

“आई, तुम्ही आजवर कमी बोललात कधी?”

त्या हसल्या. अगदी खळखळून नाही. हिशेब अजून पुरता चुकता झालेला नाही, एवढं बजावणारं हसू. मग खिडकीतून वाकून ओरडल्या, “ए टेम्पोवाले दादा! मशीन न्यायचं नाहीये. पण रिकामे जाऊ नका, माझ्या खोलीवरून गाद्या आणायच्यात!”

आमचा महिना केव्हाच सरला. आम्ही परत जाणार होतो, गेलो नाही. परीक्षकानं आम्हाला ठेवून घेतलं. सासूबाईंनी जुनी खोली परवाच सोडली. आता आमच्या माथ्यावर कधी टेपची गुंडाळी असते, कधी टाचण्यांची डबी, आणि मशीनच्या घरघरीत आमचे बारीक सूर बुडतात. आमचं कौतुक छापणाऱ्यांनी ही खोली पाहिली, तर कपाळावर हात मारून घेतील. खुशाल मारोत.

वाचकहो, जाता जाता एवढंच मागणं आहे. आम्हाला घरी आणाल तेव्हा आमचं लाकूड कुठलं, तार कुठली, याचा काथ्याकूट जरा कमी करा. एक गाणं लावा आणि ते संपू द्या. खोलीत कुणी येऊन बसलं, बोललं, खोकलं, तर त्याला गप्प करू नका. तेवढा आवाज आम्हाला सहज पेलतो.

आत्ता सासूबाई एका लांबलचक पडद्याला दुमड घालतायत आणि दुसरं टोक जावयाच्या हातात आहे. त्याला दारात, आवाज नीट पोचत नाही अशा कोपऱ्यात उभं राहावं लागलंय. गाणं अर्ध्यावर आहे.

“ताणून धरा हो,” त्या म्हणतायत. “आणि ऐका, पुढचं कडवं चांगलं आहे.”

तो पडदा धरून उभा आहे.