आबांच्या नावाचा परवाना

परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाला कामाच्या वेळेत घरचा फोन आला, की त्याच्या हातातलं काम थांबतं. विनयचंही तसंच झालं. बहरीनच्या जुफैर भागातल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर तो एसीला गार पाणी पुरवणाऱ्या चिलरचा पंप उघडून बसला होता. फोन आईचा होता, पण बोलत होती शेजारीण.

"घाबरू नका, तुमच्या आईला दवाखान्यात आणलंय. हात मोडलाय."

उदगीरच्या बाहेर, नव्या वसाहतीत विनयचे आईवडील राहत. भर दुपारी दोन पोरं पाणी मागायला आली. आईनं दार उघडलं. एकानं गळ्यातली पोत ओढली, दुसऱ्यानं तिला ढकलून दिलं. वडील, म्हणजे आबा, आतल्या खोलीत झोपले होते. ते उठेपर्यंत पोरांची गाडी लांब गेली होती.

विनयनं त्याच दिवशी रजा मागितली. पण उन्हाळा तोंडावर आला होता. बहरीनमध्ये उन्हाळ्याआधी चिलरची सगळी कामं उरकावी लागतात. सुपरवायझर म्हणाला, "इंशाल्ला, पुढच्या महिन्यात बघू." विनयनं दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं. त्याऐवजी त्यानं घरी नवं कुलूप पाठवलं, इन्व्हर्टर पाठवला, दारावर कॅमेरा बसवून घेतला. तरी जीव लागेना. जेवताना आईचा प्लास्टरमधला हात डोळ्यांसमोर यायचा.

वाचकहो, ही काळजी खोटी नव्हती. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आज दोन म्हातारी माणसं आणि एक मोठं कुलूप, एवढंच उरलं आहे.

त्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर एक परदेशी गृहस्थ राहायचे. पूर्वी नौदलात होते. एसी दुरुस्त करताना विनयनं त्यांना घरची हकीकत सांगितली. त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि सहज म्हणाले, "आमच्याकडे सैनिकांच्या कमरेला असतं तेच पिस्तूल नागरिकांसाठीही विकतात. दुकानात मिळतं. जवळपास तेच, फक्त शिक्का वेगळा."

झालं! विनयच्या डोक्यात ते पक्कं बसलं. रोज कामावरून आला की तो फोनवर पिस्तुलांचे व्हिडिओ बघू लागला. कुठल्याला सेफ्टी आहे, कुठल्याला नाही, कुणाचा ट्रिगर हलका, कुणाचं वजन कमी. उदगीरला चुलतभाऊ ऋत्विक होता. त्याच्या ओळखीचा एक एजंट होता. ऋत्विक म्हणाला, "दादा, तू तिथं. तुझ्या नावावर लायसन काढून काय उपयोग? काकाच्या नावावर काढू. मेडिकलचा कागद पण एजंट आणून देतो. काकाला डॉक्टरकडं न्यायचं कामच नाही."

विनयची बायको श्रावस्ती बहरीनमधल्याच उम्म अल हस्सम भागातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती. तिनं हे ऐकलं आणि तव्यावरची पोळी तशीच राहिली.

"आबांच्या हातात पिस्तूल? परवा फोनवर मला तीनदा विचारलं त्यांनी, जेवलीस का म्हणून."

"वय झालंय त्यांचं. एवढं चालायचंच."

"मग वय झालेल्या माणसाला पिस्तूल कशाला?"

विनय चिडला. "मग काय करू? इथून ओरडू चोरांवर?"

श्रावस्तीनं आवाज चढवला नाही. ती एवढंच म्हणाली, "आधी शामराव काकांना विचारा. त्यांना यातलं कळतं."

शामराव मूळचे अमरावतीकडचे. फौजेत चोवीस वर्षं आर्मरर होते, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती आणि देखभाल करणारे. निवृत्तीनंतर बहरीनला एका कंपनीत स्टोअर सांभाळत होते. शुक्रवारी दुपारी विनय त्यांच्याकडे गेला. त्यांच्या पत्नी कांताकाकूंनी दार उघडलं, "जय भीम, ये बाबा," म्हणून पाणी दिलं आणि त्या पुन्हा भाजी निवडायला बसल्या.

"काका, कुठलं घेऊ तेवढंच सांगा," विनय म्हणाला. "मिलिटरीचं सिव्हिल मॉडेल घ्यावं म्हणतो. मजबूत असतं म्हणे."

"मजबूत असते," शामराव म्हणाले. "चिखलात पडलं, वाळूत पडलं तरी चालते. पण आपल्याकडं फौजेचं नऊ एमएम साध्या माणसाला मिळत नाही. त्याच घडणीचं बत्तीस बोअरचं, म्हणजे जरा बारीक नळीचं मिळते. इकडून न्यायचा तर विचारही करू नको, विमानतळावरच खलास. आणि लायसन ज्याच्या नावावर, हात त्याचाच. मालक आबा असतील तर तू त्याला बोटही लावायचं नाही. तू मालक असशील तर आबांनी नाही. हे कायद्याचं झालं. आता आर्मरर म्हणून सांगू?"

"सांगा ना."

"फौजेत पिस्तूल एकटं नसते, विनय. ते कोतात असते. कोत म्हणजे आमची हत्यारांची खोली. दाराला दोन कुलपं, बाहेर पहाऱ्यावर संत्री, आत रजिस्टर. सही केल्याशिवाय हत्यार बाहेर येत नाही, मोजल्याशिवाय गोळी परत जात नाही. स्प्रिंग सैल झाली तर माझ्यासारखा माणूस आधी पकडतो. जवानाचं डोकं ठिकाणावर नाही असं हवालदाराला वाटलं, तर त्याच दिवशी हत्यार काढून घेतात. ती पिस्तूल बनवणारी कंपनी बाजारात पिस्तूल विकते, कोत विकत नाही! तो तुला घरी बांधावा लागतो. उदगीरला संत्री कोण? हवालदार कोण?"

 विनय हट्टानं म्हणाला, "आबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक होते. डोळे मिटून गिअरबॉक्स जोडायचे. पिस्तुलाचं काय एवढं?"

"मग परीक्षा घे त्यांची. आम्ही रिकामं पिस्तूल देण्याआधीही घ्यायचो." शामराव खुर्ची पुढं ओढून बसले. "बघ, गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. एक गोळी नळीच्या मागच्या खोबणीत, चेंबरमध्ये राहते. घरात चुकून माणसं मरतात ती बऱ्याचदा त्या विसरलेल्या गोळीनं. म्हणून चार गोष्टी पाठ करून घेतो. तोंड मोकळ्या दिशेला. मॅगझिन बाहेर. चेंबर डोळ्यानं बघायचं. मग बोटानं चाचपायचं. आबांना साधी सेलची बॅटरी, म्हणजे टॉर्च दे. तोंड भिंतीकडं, झाकण काढा, सेल बाहेर, आत बघा, बोट घाला. एकदा शिकव. तासाभरानं पुन्हा करायला लाव. जमलं तर ये माझ्याकडं, मॉडेल मी सुचवतो."

विनयला राग आला. आयुष्यभर बंदुकांत राहिलेल्या माणसानं आपल्याला टॉर्चचा खेळ सांगावा! घरी येईपर्यंत तो धुमसत होता. पण श्रावस्तीनं विचारलं, "करून बघायला काय जातंय?" तेव्हा त्यानं आबांना फोन लावायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच होती. त्यानं व्हिडिओ कॉल लावला. घरकाम करणारी रखमा फोन धरून उभी राहिली. आबांना गंमत वाटली. त्यांनी बॅटरीचं तोंड भिंतीकडं केलं, झाकण फिरवलं, दोन्ही सेल टेबलावर ठेवले, आत डोळा लावून बघितलं, करंगळी घातली आणि म्हणाले, "खलास! हे काय काम हाय का?" बहरीनला राहून विनयच्या तोंडी बसलेला 'खलास' त्यांनीही उचलला होता. विनय मनापासून हसला. श्रावस्तीकडं त्यानं विजयी मुद्रेनं पाहिलं.

तासाभरानं त्यानं पुन्हा फोन लावला.

"आबा, मघाचं पुन्हा एकदा करून दाखवा."

"मघाचं काय?"

"बॅटरीचं. रिकामी करायची."

आबांनी बॅटरी हातात घेतली. तिचं तोंड सरळ रखमाकडं होतं. झाकण काढलं, एक सेल बाहेर काढला, थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिले आणि झाकण पुन्हा लावून टाकलं.

"हां. रिकामी हाय."

"रखमाबाई, जरा हलवून बघा," विनय म्हणाला.

रखमानं बॅटरी घेतली आणि हलवली. आतला दुसरा सेल खुळखुळला.

त्या आवाजानं आबांचा चेहरा बदलला. आधी गोंधळला, मग लाल झाला. "ही बाई कोण हाय? हिला घरात कुणी घेतलं? तूच नेलीस ना पोत?" त्यांनी खुर्चीला टेकवलेली काठी उचलली.

"आबा, मी रखमा हाय! चार वर्सं झाली मला हितं!"

फोन रखमाच्या हातातून पडला. विनयला फक्त छत दिसत होतं, पंखा फिरताना दिसत होता, आणि ओरडणं ऐकू येत होतं. काठी कशावर तरी आपटली. मग आईचा आवाज आला, "अहो, मी हाय! माझ्याकडं बघा! काठी ठेवा खाली!" प्लास्टरचा हात मध्ये घालून आई उभी राहिली होती. काठी त्या प्लास्टरवर बसली होती.

हजारो किलोमीटरवर विनय उभा होता. "आबा! आबा!" एवढंच त्याच्या तोंडून निघत होतं. आणि मनात एकच गोष्ट येत होती. ही नुसती काठी आहे म्हणून निभावलं! ऋत्विकच्या एजंटकडून आणखी महिनाभरात कागद झाले असते, तर आज आबांच्या हातात काय असतं!

बऱ्याच वेळानं आईनं फोन उचलला. आबा शांत होऊन बाजेवर बसले होते. रखमा दारात डोळे पुसत होती.

"आई, हे कधीपासून?"

"वर्स होत आलं बाबा. आधी चष्मा इसरायचे, मग वाट इसरायले. आता कधी कधी मला बी वळखत न्हाईत."

"मला सांगितलं का नाहीस?"

आई म्हणाली, "सांगून तू काय करणार होतास, लेकरा? एखादी वस्तू पाठवली असतीस. येणं थोडंच होणार होतं तुझं!"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या संध्याकाळी विनय पुन्हा शामरावांकडे गेला. त्यानं सगळं सांगितलं. शामरावांनी "मी म्हणत नव्हतो का" असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "त्या फॉर्मासोबत डॉक्टरचा कागद लागतो, ठाऊक आहे ना?"

"हो. ऋत्विक म्हणाला, तो एजंट आणून देईल. डॉक्टरकडं न जाता."

"सरकारनं तो कागद कशापायी मागितला, विचार केला कधी? आबांना डॉक्टरकडं नेलं असतं, तर हा आजार तेव्हाच कळला असता. तुझ्या बापाचं, आईचं, त्या रखमाबाईचं भलं करणारा तो एकच कागद होता. आणि तोच तू खोटा बनवून घेत होता, बापा!"

विनयनं तोंड ओंजळीत लपवलं.

कांताकाकू भाजीची परात बाजूला सारून म्हणाल्या, "पोरा, तुला पिस्तूल पाहिजेच नव्हतं. तुला रजा पाहिजे होती. ती मिळाली नाही म्हणून तू पिस्तूल शोधत बसला."

दुसऱ्या दिवशी विनय सुपरवायझरसमोर उभा राहिला. या वेळी तो चोरीबद्दल बोलला नाही, वडिलांच्या आजाराबद्दल बोलला, आणि बोलून झाल्यावर जागचा हलला नाही. त्याला बारा दिवसांची रजा मिळाली. ऋत्विकला त्यानं फोन करून सांगितलं, "लायसनचं काम बंद कर. एजंटला सांग, तो कागद फाडून टाक म्हणावं."

"अरे दादा, पण चोर पुन्हा आले तर?"

"त्याचीच सोय करायला येतोय."

आणि त्यानं खरंच सोय केली. लातूरला मोठ्या डॉक्टरांना आबांना दाखवलं. विसरण्याचा आजार होता. तो बरा होणार नव्हता, पण औषधानं चिडचिड आणि संशय आवरता येणार होता. आईनं चोरीची तक्रारच दिली नव्हती. विनयनं तिला पोलीस ठाण्यात नेऊन ती द्यायला लावली. दाराबाहेर लोखंडी जाळी बसवली, म्हणजे अनोळखी माणसाला दार न उघडताच पाणी देता येईल. वसाहतीतल्या अकरा घरांना एकत्र बसवून दुपारच्या पाळ्या ठरवल्या. बहुतेक घरांत म्हातारीच माणसं होती आणि सगळीच घाबरलेली होती. इतके दिवस प्रत्येकजण आपापल्या दारामागे एकटा घाबरत होता, एवढंच! रखमाची माफीही विनयनंच मागितली. ती म्हणाली, "आजारी माणसाचा काय राग धरायचा, दादा?" आणि कामावर येत राहिली.

त्या बारा दिवसांत आबा रोज सकाळी विनयला बघून दचकायचे. मग चेहरा उजळायचा.

"विनय? कधी आलास रे?"

पहिले दोन दिवस विनय त्यांना आल्याची तारीख सांगत बसला. तिसऱ्या दिवसापासून तो हसून म्हणू लागला, "आजच आलो, आबा." आणि ते ऐकून म्हाताऱ्याला जो आनंद व्हायचा, तो रोज नवा असायचा.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या देशात कायद्यानं परवाना मिळतो आणि काहींना तो खरोखर लागतोही. पण लष्करी पिस्तुलाची नागरी आवृत्ती घेताना त्याचं वजन आणि बोअर विचारण्याआधी आपल्या घराला चार गोष्टी विचारा. हे हत्यार कुणाच्या हातात जाणार? त्या हातामागचं मन आज कसं आहे? ते कुलपात कोण ठेवणार आणि रोज कोण तपासणार? आणि ज्या कामासाठी आपण हत्यार आणतो आहोत, ते काम खरं तर आपण स्वतः घरी जाऊन करायचं तर नाही ना? परवान्याचा एकेक कागद खरा भरा, कारण त्यातला प्रत्येक कागद कुणाचा तरी जीव राखण्यासाठी मागितलेला असतो. भीतीच्या भरात घरात आणलेलं पिस्तूल चोराला ओळखत नाही आणि आईलाही ओळखत नाही. माणसांची राखण शेवटी माणसांनाच करावी लागते!