वाऱ्याची झोळी आणि शालिकरामची घाई

मित्रांनो, आज मला पाहाल तर फाटक्या, रंग उडालेल्या कापडाचा बोळा दिसेल. पण एके काळी मी उंच खांबावर फडफडत असे आणि आभाळातली माणसे मला शोधत असत. मी वाऱ्याची झोळी आहे.

नागपूरच्या एका शिंप्याने मला भगव्या-पांढऱ्या जाड कापडातून शिवले. एका बाजूला लोखंडी कडी बसवलेले मोठे तोंड, दुसऱ्या बाजूला निमुळती शेपूट. वारा तोंडातून शिरला की मी फुगायचे आणि तो जिकडे चालला असेल तिकडे माझी शेपूट वळायची. विमानाने वाऱ्याच्या समोरून उतरायचे असते. पाठीवर वारा घेऊन उतरलेले विमान लवकर थांबत नाही.

ब्रह्मपुरीच्या पलीकडे, वैनगंगेजवळच्या एका माळावर मुरुमाची धावपट्टी होती. तिच्या कडेला मला टांगले. चहूकडे मोहाची आणि सागाची झाडे होती. मनोरा नव्हता. कोणी आधी उतरायचे, कोणी थांबायचे, हे सांगणारे कोणीच नव्हते. चौकीदार इस्तारी पट्टीवर आलेली गुरे हाकायचा आणि त्याची बायको सुगंधाबाई झोपडीपुढे मोहफुले वाळवायची. म्हणून वैमानिकांनी एक शिस्त पाळायची होती. आधी माळावर एक पुरी घिरटी घालायची. माझ्याकडे पाहायचे, पट्टीकडे पाहायचे, आभाळात दुसरे कोणी आहे का पाहायचे. मगच उतरायचे.

शालिकराम ही शिस्त मन लावून पाळायचा. तो शेजारच्याच गावच्या धानकऱ्याचा मुलगा. लढाईच्या काळात विमान चालवायला शिकला आणि आता जंगलातल्या दवाखान्यांसाठी औषधे घेऊन यायचा. त्याचे विमान वळले की गावोगावची माणसे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून म्हणायची, "आपला शालिक आला!" तो उतरला की माझ्याकडे बघून हसायचा. मला फार अभिमान वाटायचा.

पण त्या माळावर दुसरे विमान कधी यायचेच नाही. हळूहळू त्याची घिरटी लहान झाली. मग अर्धी झाली. मग एक दिवस तो घिरटी न घालता सरळ उतरला. वारा पाठीवर होता. विमान पट्टीच्या शेवटच्या बांधापर्यंत घसरत गेले, तेव्हा कुठे थांबले.

इस्तारी धावत गेला. "शालिकभाऊ, आज चक्कर काऊन नाई मारली?"

"कोनासाठी मारू, भाऊ? इथी येते कोन?" शालिकराम हसला.

सुगंधाबाई हसली नाही. ती म्हणाली, "रिकामं दिसते ना, म्हनूनच भेव वाटते मले."

त्यानंतर घिरटी बंदच झाली. मी रोज फडफडून दिशा दाखवायचे, पण मान वर करून कोणी पाहत नव्हते. माझी शिवण उसवली, तीही कोणाला दिसली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांत हैजा, म्हणजे कॉलरा पसरला. शालिकरामची बहीण वच्छला त्यातल्याच एका गावी नांदत होती. ती आजारी पडल्याचा निरोप त्याला मिळाला होता. त्या दिवशी तो औषधाच्या आणि सलाईनच्या बाटल्या घेऊन निघाला.

दुपार कलली होती. पश्चिमेचा गरम वारा सुटला होता आणि माझी शेपूट पूर्वेकडे ताठ झाली होती. इतक्यात जंगलाचे फोटो घेणारे एक परके विमान आले. त्याने घिरटी घातली, मला पाहिले आणि ते पूर्वेकडून नीट उतरू लागले. त्या वैमानिकाच्या डोळ्यांसमोर सूर्य होता.

त्याच सूर्यातून, सागाच्या शेंड्यांना लागून, शालिकरामचे विमान आले. समोरासमोर!

"अवो, दोन हायेत! दोन!" सुगंधाबाई किंचाळली.

इस्तारीने डोक्याचा दुपट्टा सोडला आणि तो हलवत पट्टीवर धावला. मी खांबावर होते. मला धावता येत नव्हते, ओरडता येत नव्हते. परक्या विमानाची चाके टेकली होती. शालिकरामचीही टेकली. पाठीवरचा वारा त्याला पुढे ढकलत होता. शेवटच्या घटकेला त्याने विमान बाजूला ओढले. पंख पंखाजवळून गेला. मग त्याचे विमान बांधावर आदळले आणि कलंडले.

धूळ बसली. आग लागली नाही. परका वैमानिक आणि इस्तारी यांनी मिळून शालिकरामला बाहेर काढले. त्याचा पाय चिरडला होता. शुद्धीवर येताच त्याने विचारले, "बाटल्या?"

इस्तारीने मागे पाहिले. कलंडलेल्या विमानातून पाणी मुरुमात झिरपत होते. तो एवढेच म्हणाला, "तू पडून राह्य, भाऊ."

फोटोच्या विमानात माल ठेवायला जागा नव्हती, म्हणून दुसरी औषधे आली ती बैलगाडीने, जंगलाच्या वाटेने. ती पोहोचली तेव्हा वच्छला नव्हती. तिच्या गावातली आणखीही माणसे नव्हती. मित्रांनो, एक घिरटी घालायला किती वेळ लागतो? इस्तारीची चिलीम पेटेपर्यंत ती पुरी व्हायची.

शालिकराम पुन्हा उडाला नाही. काठी टेकत तो माळावर यायचा. त्याने माझी शिवण घालून घेतली, कडीला तेल दिले. पुढे पट्टी मोडली, तेव्हा इस्तारीने मला झोपडीत आणले. तिथेच मी आता कोपऱ्यात पडून आहे.

मित्रांनो, वाट रिकामी दिसली तरी ती एकट्या तुमची आहे असे समजू नका. घाई असेल तेव्हा तर दोनदा पाहा. आणि वाटेवर दिशा दाखवणारे जे काही उभे असेल, त्याची निगा राखा.

पट्टी चालू होती तोवर कोणतेही विमान उतरले की शालिकराम लंगडत त्याच्यापाशी जायचा आणि विचारायचा, "चक्कर मारली ना, भाऊ?" त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ती घिरटी पाहिलेली असायची. तरीही "हो" ऐकल्याशिवाय तो बाजूला होत नसे.