बेटावर जायचे मोजे

ते २०१८ चं साल. सौदीत बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली, ते वर्ष. अल-खोबरच्या त्या इमारतीत खालच्या मजल्यावरची मासूमा पन्नाशीत गाडी शिकायला लागली होती, आणि वर किशोरीकडे गणपतीच्या दिवसांत लेक आली होती, फ्रान्सहून. तिथे ती पक्ष्यांवर संशोधन करायची.

शिवांगीने मोदक खाता खाताच बातमी फोडली. तिला केर्गेलनला बोलावलं होतं. अंटार्क्टिकाच्या अलीकडे, भर समुद्रात, फ्रान्सच्या ताब्यातलं बेट. वर्षभर राहून अल्बट्रॉस पक्ष्यांचा अभ्यास करायचा. होकार आठवड्याच्या आत कळवायचा होता.

"गाव केवढं आहे?" विश्वनाथने विचारलं.

"गाव नाहीच, बाबा. एक तळ आहे. हिवाळ्यात पन्नासेक माणसं. सगळी मुदतीवर आलेली. कायमचं तिथलं कुणीच नाही."

"म्हणजे आपल्यासारखंच की! मग राहायचा परवाना, इकामा, कोण देतो?"

"सगळ्या बेटांचा मोठा अधिकारी लांब रियुनियनला बसतो. बेटावर त्याचा एक प्रमुख असतो. पोलीस तोच, जन्ममृत्यूची नोंद करणाराही तोच."

"सगळ्यांना मिळून एकच कफील, एकच जामीनदार मालक! खेपा तरी वाचतात," मोदक खायला वर आलेली मासूमा हसली. ती हर्णैची, बाप-भाऊ बोटीवर वाढलेले. "जाऊ दे गं पोरीला, किशोरी. आमचे दर्यावर गेले, ते काय सगळे बुडाले?"

किशोरी हसली नाही. "विमान जातं का तिथे?"

"नाही. बोट. वर्षातून तीन-चारदा."

आदल्याच वर्षी विश्वनाथच्या हृदयात स्टेंट बसवला होता.

शिवांगी रंगात येऊन सांगत होती. तिथून परतायचं ठरलेलंच असतं, म्हणून कुणी काही राखून ठेवत नाही. चांगलं असेल ते आजच काढायचं. किशोरीची नजर कपाटावरच्या खोक्याकडे गेली. चिपळूणच्या घरासाठी घेतलेला डिनर सेट, शिवांगी शाळेत असल्यापासून दोरीने बांधलेला. दर वर्षी ती दोघं म्हणत, पुढच्या वर्षी इथलं खलास करून जाऊ, तेव्हा सोडू दोरी.

दोन दिवसांनी समुद्राकाठी फिरताना विश्वनाथ चहा आणायला गेला, तेवढ्यात किशोरीने विषय काढला.

"तुझ्या बाबांना काही झालं, तर बोट येईल का तुला घ्यायला?"

शिवांगीने चपला काढून हातात घेतल्या.

"पुढच्या वर्षी जा गं. आम्ही चिपळूणला गेलो की तू मोकळी."

"आई, पुढच्या वर्षी विचारतीलच असं नाही."

"विचारतील. एवढी हुशार आहेस. आणि मी बोलले म्हणून बाबांना सांगू नकोस."

शिवांगीने नकार कळवला. बाबांना म्हणाली, तिथली थंडी नाही झेपायची. विश्वनाथ "असं होय" एवढंच म्हणाला.

ती फ्रान्सला परतल्यावर कपाट आवरताना किशोरीला एक पिशवी सापडली. जाड लोकरीचे मोजे, चांगले चार जोड. बाहेर अंगाची लाही होत होती.

"अहो, हे कुठे मिळाले?"

"सगळं खोबर पालथं घातलं. दुकानदार हसायला लागला, हबीबी, चाललास कुठे म्हणून." तो पिशवीकडे बघत राहिला. "थंडी झेपत नाही म्हणे. लहानपणी फ्रीज उघडून त्यात डोकं घालून बसायची कार्टी." मग हळूच म्हणाला, "अगं, मला तरी विचारायचंस."

पुढच्या वर्षी कंपनीने विश्वनाथची मुदत वाढवली. त्याच्या पुढच्या वर्षी करोना आला. तोवर बेटावर दुसरी मुलगी जाऊन आली होती, आणि तो अभ्यासही संपला होता.

मासूमाला परवाना मिळाला. आता हर्णैला असते, आणि नवऱ्याला, हुसेनमियाँना, शेजारी बसवून स्वतः गाडी हाकते. शिवांगी पुण्याला कॉलेजात शिकवते. दर रविवारी आईशी तासभर बोलते, पक्ष्यांचं सोडून सगळं. किशोरी आणि विश्वनाथ २०२२ मध्ये चिपळूणला आले. डिनर सेट पहिल्याच दिवशी उघडला. रोजचा पिठलंभातही त्यातच खातात. विश्वनाथच्या हृदयाने पुन्हा कधी त्रास दिला नाही.

पौषात तो ते मोजे घालून अंगणात बसतो. चिपळूणला कसली आलीय एवढी थंडी! टाच विरली की किशोरी रफू करून देते. नवे आणू या, असं ती म्हणत नाही.