माझ्यावर पाठ टेकणारा गोलरक्षक

मित्रांनो, मी एका फुटबॉल क्लबचा जुना स्ट्रेचर आहे. मला बोलावण्याची वेळ येऊ नये, असेच सगळ्यांना वाटते. तंबू शिवणाऱ्या एका कारागिराने जाड कापड दुहेरी शिवून मला दोन नळ्यांवर ताणले. स्वतः माझ्यावर आडवे होऊन त्याने खात्री करून घेतली आणि मगच मला क्लबच्या हवाली केले.

मला उचलायचे काम मैदानाची निगा राखणाऱ्या काकांकडे आणि त्यांच्या जावयाकडे होते. सासरे सावकाश चालायचे, जावई धावायचा. त्यामुळे माझ्यावरचा खेळाडू दुखणे विसरून माझ्या कडा घट्ट धरायचा. मोडलेले पाय, निखळलेले खांदे मी कितीतरी वाहिले. एकदा एका खेळाडूच्या आईने माझ्यावरून मायेने हात फिरवला होता. एरवी माझा मुक्काम पायऱ्यांखालच्या खोलीत, चुन्याच्या पोत्यांशेजारी.

गेल्या हंगामात मात्र मी भीतीने अर्धा झालो.

त्या वर्षी आमचा क्लब पहिल्यांदाच भल्याभल्यांना भारी पडत होता. चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टीवर हातातोंडाशी आलेला घास गेला. त्याच सामन्यात आमच्या गोलरक्षकाचे डोके खांबावर आपटले होते. लांब मानेमुळे त्याला सगळे उंट म्हणत. आम्ही पोहोचेपर्यंत तो उठून उभा होता. "काही झालं नाही," असे क्लबच्या डॉक्टरबाईंना सांगून त्याने आम्हाला परत पाठवले.

दुसऱ्या आठवड्यापासून तो सराव संपला की गुपचूप आमच्या खोलीत येऊ लागला. दार लावायचा, डोळ्यांवर टॉवेल टाकायचा आणि माझ्यावर पडून राहायचा. कधी कधी त्याचा श्वास इतका मंद व्हायचा की माझ्या शिवणी ताठ व्हायच्या. हा उठलाच नाही तर?

एक दिवस काकांनी त्याला पाहिले.

"काय रे, बरं नाही का?"

"डोकं ठणकतंय जरा. पण बाईंना सांगू नका, काका. त्या मला घरी बसवतील. एवढा हंगाम जाऊ द्या."

काकांनी बाईंना सांगितले नाही. तीस वर्षे त्यांनी ते गवत राखले होते. अजिंक्यपद त्यांनाही हवे होते.

मग दुसऱ्या एका स्पर्धेसाठी संघ परदेशी गेला. तिथला उपांत्य सामना काकांनी आणि जावयाने खोलीत रेडिओवर ऐकला. शेवटच्या मिनिटाला लांबून मारलेला साधा चेंडू उंटाच्या हाताखालून निसटला. जावई चिडून बाहेर गेला. काका माझ्याकडे बघत बसले.

राहिला घरच्या मैदानावरचा, साखळीतला शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी अजिंक्यपद आमचे होते. दहा मिनिटे उरली, गोल एक-एक. मी रेषेबाहेर पडलो होतो. तिथून दिसले, की उंटाने खांब धरला आहे. चेंडू पार पलीकडे गेला, तरी त्याने खांब सोडला नाही. काकांनीही ते पाहिले.

"बाई, त्याला बाहेर काढा," ते डॉक्टरबाईंना म्हणाले. "महिनाभर डोकं दुखतंय त्याचं. मला ठाऊक होतं."

बाईंनी पंचांना सांगून खेळ थांबवला. उंट यायला तयार नव्हता. "दहाच मिनिटं, बाई," म्हणता म्हणता त्याच्या पायातले बळ गेले. त्या दिवशी सासरेही धावले.

आम्ही मैदानाबाहेर पोहोचतो तोच मागून जल्लोष ऐकू आला. तो पाहुण्यांचा होता. बदली गोलरक्षकावर गोल झाला आणि एका गुणाने अजिंक्यपद गेले.

उंटाच्या डोक्यात रक्त साचले होते. शस्त्रक्रिया झाली. "आणखी तासभर गेला असता तर आपल्या हातात काही उरलं नसतं," बाईंनी नंतर सांगितले. तरी काकांशी लोक कित्येक दिवस तिरकेच बोलत होते.

दोन महिन्यांनी उंट आमच्या खोलीत आला. केस काढलेले, खेळणे कायमचे बंद.

"शेवटचा गोल कसा गेला, काका?"

"साधाच होता. तू असतास तर अडवला असतास."

"नसता अडवला. मला तेव्हा दोन-दोन चेंडू दिसत होते."

"मी आधीच सांगायला हवं होतं," काका म्हणाले.

उंट जायला उठला तेव्हा काकांनी त्याचा दंड धरला आणि त्याला सावकाश फाटकापर्यंत नेले.

मित्रांनो, माझी एका कडेची शिवण उसवली आहे. ती कुणी घातली तर बरे होईल. पण त्याहून मोठी विनंती अशी, की दुखले तर सांगा, आणि दुसऱ्याचे दुखणे कळले तर दडवू नका. तो माझ्यावर पडून असायचा तेव्हा मला सगळे कळत होते. पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.